आडनावाचा प्रश्न : ब्लूज, रॉकबिली आणि लावणी यांच्या सीमारेषेविषयी

१९५४ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील मेम्फिस शहराच्या एका नभोवाणी केंद्रावरून एकोणीस वर्षांच्या एका मालमोटार-चालकाचे गाणे प्रथम ऐकवले गेले. श्रोत्यांनी ते उचलून धरले, पुनःपुन्हा लावायला लावले, आणि त्याच रात्री गायकाला केंद्रावर बोलावून घेण्यात आले. निवेदक ड्यूई फिलिप्स याने त्याला विचारलेल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न वरकरणी अगदी निरुपद्रवी होता : तू कोणत्या शाळेत शिकलास? एल्विस प्रेस्लीने ह्यूम्स हायस्कूलचे नाव सांगितले आणि शहराला जे हवे होते ते कळले. वर्णानुसार विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवणारा निकाल त्याच वर्षीच्या मे महिन्यात लागला होता. परंतु मेम्फिसमध्ये शाळेचे नाव म्हणजे कातडीचा रंग हे समीकरण अद्याप शाबूत होते. ह्यूम्स ही गोऱ्यांची शाळा.

या प्रसंगाचे महत्त्व असे की, गाणे ऐकून गायकाचा वर्ण सांगता येत नव्हता. सांगता आला असता तर तो प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नसते. कानाला जी सीमारेषा सापडली नाही ती शाळेच्या नावाने काढून देण्यात आली. आपल्याकडे हेच काम आडनाव करते. गडमुडशिंगीसारख्या कोल्हापूरला जवळजवळ चिकटलेल्या गावातदेखील नवख्या माणसाला गावाचे नाव विचारून कुणाचेच समाधान होत नाही. आडनाव, आणि त्यानेही भागले नाही तर पाव्हणे कुठले, इथपर्यंत चौकशी जाते. प्रस्तुत निबंधात मला या दोन प्रश्नांची, शाळेच्या आणि आडनावाच्या, एकत्र तपासणी करायची आहे. गीतप्रकारांमधील सीमा धूसर असते हे विधान आता समीक्षेत इतके रुळले आहे की ते उच्चारताच चर्चा संपल्यासारखी वाटते. माझ्या मते खरा नैतिक प्रश्न त्यानंतर सुरू होतो : सीमा धूसर आहे एवढ्यावरून कुणाचे काही घेतले गेले नाही असा निष्कर्ष काढता येतो काय?

प्रथम धूसरतेची बाजू तिच्या पूर्ण सामर्थ्यानिशी मांडली पाहिजे. तिला दुबळी करून खोडणे सोपे आहे, पण त्यात हशील नाही. ब्लूज म्हणजे काय, असे विचारले की सामान्यतः बारा खंडांचे आवर्तन, पहिली ओळ दोनदा म्हणून तिसऱ्या ओळीने तिला दिलेले उत्तर, आणि कोमल व शुद्ध गांधाराच्या मध्ये कुठेतरी लागणारा तो हेलकावा, ही लक्षणे सांगितली जातात. रॉकबिली म्हणजे काय, असे विचारले की तारा आपटून वाजवलेला मोठा उभा बास, चढी लय, ध्वनिमुद्रणात मिसळलेला प्रतिध्वनी आणि उचकीसारखा तुटणारा आवाज ही लक्षणे पुढे येतात. पण एल्विसच्या त्या पहिल्या तबकडीवर ही दोन्ही लक्षणसमूह एकमेकांत गुंतलेले आहेत. एका बाजूला ‘दॅट्स ऑल राइट’ : आर्थर क्रूडप या काळ्या ब्लूज गायकाने १९४६ साली ध्वनिमुद्रित केलेले गाणे. दुसऱ्या बाजूला ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ : बिल मन्रो या गोऱ्या ब्लूग्रास गायकाची संथ रचना, तीही लय बदलून धावती केलेली. ही तबकडी कोणत्या बाजूने उजवी आणि कोणत्या बाजूने डावी म्हणायची?

मागे गेल्यास गुंता वाढतच जातो. हँक विल्यम्सला गाण्याचे धडे रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या गायकाकडून मिळाले. कार्ल पर्किन्स हा टेनेसीतील खंडकरी शेतकऱ्याचा मुलगा. त्याला गिटार शिकवणारा माणूस त्याच शेतात राबणारा काळा मजूर होता. खुद्द बिल मन्रो आपल्यावरील आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकाचा ऋणनिर्देश करीत असे. जिमी रॉजर्स हा गोरा गायक १९२७ पासून ब्लूज आणि आल्प्सच्या पहाडातील आवाज फोडण्याची रीत यांचे मिश्रण गात होता. आणि ज्या बँजोशिवाय गोऱ्या डोंगराळ संगीताची कल्पना करता येत नाही ते वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेले आहे.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असे समजणाऱ्यांना चक बेरीचे उदाहरण अडचणीचे ठरते. १९५५ साली त्याने गाजवलेले ‘मेबलीन’ हे ‘आयडा रेड’ या गोऱ्यांच्या जुन्या फिडलवरच्या गाण्यावरून उभे राहिले होते. म्हणजे इथे काळ्याने गोऱ्याचे घेतले. त्याहून अडचणीचे उदाहरण ‘हाउंड डॉग’चे. एल्विसने १९५६ साली ते गायले आणि बिग मामा थॉर्न्टन या काळ्या गायिकेचे गाणे त्याने पळवले, असे सर्रास लिहिले जाते. पण थॉर्न्टनसाठी ते गाणे १९५२ साली लिहिले होते लीबर आणि स्टोलर या दोन ज्यू तरुणांनी. मूळ कुणाचे, हा प्रश्न विचारत गेलो तर कांद्याची एकेक पाकळी निघत जाते.

मराठी सौंदर्यशास्त्रीय चर्चेत विट्गेन्स्टाइनची कुलसाम्याची कल्पना आता पुरेशी परिचित आहे. एका कुटुंबातील माणसांत सर्वांना समान असे एकही लक्षण नसताना ती एकमेकांसारखी दिसतात. नाक एकाचे, कपाळ दुसऱ्याचे, चालणे तिसऱ्याचे. ब्लूज आणि रॉकबिली यांचा संबंध असाच आहे असे म्हणून थांबता येईल. मात्र कुलसाम्याच्या या कल्पनेत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कुटुंबात साम्याबरोबर वाटणीही असते. नाक आजोबांचे आहे एवढ्याने सातबाऱ्यावर नाव चढत नाही. आणि कुटुंबातले कोण कोणत्या दाराने आत येते, हेही साम्यावरून ठरत नाही.

सीमा धूसर असेल तर ती आखली कुणी, हे विचारावे लागते. कार्ल हॅगस्ट्रॉम मिलर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले आहे की, विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेतील काळे आणि गोरे गायक बरेचसे सारखेच भांडार गात होते. ते वेगळे केले ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आणि लोकसाहित्याच्या संग्राहकांनी. १९२० साली मॅमी स्मिथची तबकडी अनपेक्षितपणे खपली तेव्हा काळ्या ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची वेगळी यादी निघाली, आणि गोऱ्या खेडुतांसाठी ‘हिलबिली’ची दुसरी. हिलबिली हा शब्दही शिवीच आहे, हे विसरू नये. गरीब गोऱ्यांना शहरी गोऱ्यांनी दिलेली. ‘रॉकबिली’ या नावात ती अजून चिकटून आहे. १९४९ साली बिलबोर्ड नियतकालिकाने ‘रेस’ ऐवजी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव स्वीकारले, परंतु यादी वेगळी ती वेगळीच राहिली. म्हणजे सीमा स्वरात नव्हती, दुकानाच्या फळीवर होती.

आता आपल्या फळ्यांकडे वळू. १८९१ साली ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हापासून उत्तर पेशवाईतील शाहिरांना मराठी वाङ्मयेतिहासात हळूहळू मानाची जागा मिळत गेली. रामजोशी, अनंतफंदी, प्रभाकर, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम : यांत ब्राह्मण आहेत, गवळी आहेत, शिंपी आहेत, शिकलगार मुसलमान आहेत. एकाच छंदात, एकाच डफ-तुणतुण्यावर इतक्या जातींची माणसे गात होती. ही धूसरता नव्हे तर काय! पण या रचनांचे ‘शाहिरी वाङ्मय’ झाले आणि ज्या फडांमध्ये तोच छंद महार, मांग आणि कोल्हाटी कलावंतांच्या गळ्यांतून जिवंत होता त्यांना ‘तमाशा’ हे नाव उरले. पहिले पदवीच्या अभ्यासक्रमात लागले. दुसऱ्याचे नाव घरात काढायची चोरी. म. वा. धोंड यांच्या १९५६ सालच्या ‘मऱ्हाटी लावणी’सारख्या ग्रंथांनी लावणीच्या काव्यगुणांकडे मर्मज्ञ दृष्टीने पाहायला शिकवले, हे ऋण मोठेच आहे. तरीही दोन फळ्यांची रचना आपल्या समीक्षेने फारशी हलवली नाही. मेम्फिसच्या दुकानदाराला नावे ठेवताना आपल्या ग्रंथालयांतील वर्गीकरणाकडेही एकदा पाहावे.

आणि मग पठ्ठे बापूराव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. घराणे कुलकर्णी वतनाचे. त्यांनी तमाशाचा फड जवळ केला, पुढे पवळाबाई हिवरगावकर या महार जातीच्या अद्वितीय कलावतीबरोबर तो गाजवला, आणि ब्राह्मण्य सोडले. एल्विसशी त्यांची तुलना करण्याचा मोह अनेकांना होईल, कारण दोघेही सीमेपलीकडच्या सुरात शिरले. पण तुलना नेमकी जिथे मोडते तिथेच ती उपयोगी पडते. एल्विस सीमा ओलांडून परत आला, आणि परत येताना त्याच्या हाती जे होते त्याला दुप्पट किंमत आली. बापूरावांना परतीची वाट नव्हती. जातीने त्यांना बाहेर ठेवले आणि १९४५ साली ते हलाखीत वारले. ब्लूजच्या प्रदेशात जाऊन त्याच्यासकट बुडणारा गोरा गायक अमेरिकेच्या इतिहासात शोधावा लागेल. आपल्याकडे तो आहे, आणि त्याचे नाव मोठे आहे.

तरीही इथे थांबून बापूरावांना नायक करणे मला पटत नाही. त्यांनी किंमत मोजली, परंतु किंमत मोजणे म्हणजे बरोबरी होणे नव्हे. पवळाबाईंनी कोणते ब्राह्मण्य सोडायचे होते? त्यांना सोडण्यासारखे काही नव्हते म्हणून त्यांच्या वाट्याला त्यागाचे तेजोवलयही आले नाही. त्यांचे नाव बापूरावांच्या नावाला जोडूनच उच्चारले जाते. शैलजा पाईक यांनी २०२२ सालच्या आपल्या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रीच्या वाट्याला आलेल्या या असमतेचा जो विस्तृत शोध घेतला आहे, त्यानंतर बापूराव-पवळा ही केवळ एक रम्य प्रेमकथा म्हणून सांगणे अवघड झाले आहे. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी खेळांच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत डॉ. आंबेडकरांनी नाकारली, असा एक प्रसंग सांगितला जातो. आपल्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्या समाजाच्या मुक्तीसाठी नको, असा त्याचा अर्थ. प्रेक्षकांना त्या फडात कदाचित जातीची सीमा विरघळताना दिसली असेल. आंबेडकरांना ती कुठे घट्ट आहे ते दिसत होते.

या नकारातून एक प्रश्न निघतो, आणि सीमांच्या धूसरतेवर लिहिणारे पाश्चात्य समीक्षक त्याकडे क्वचितच येतात. एखादा समाज स्वतःचीच कला स्वाभिमानासाठी टाकून देत असेल तर? आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, चाली घेतल्या, सवाल-जवाबाची धार घेतली. गवळण आणि नाचणारी स्त्री वगळली. सत्यशोधक जलशांनी ती वाट आधीच पाडून ठेवली होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर पुष्कळ कुटुंबांनी पिढीजात फड आणि गावकीचे वाजंत्रीपण सोडले. अमेरिकेत टॉमस डॉर्सी या ब्लूज पियानोवादकाने तेच स्वर चर्चमध्ये नेऊन गॉस्पेल संगीताचा पाया घातला, हे समांतर उदाहरण आहे खरे. पण डॉर्सीच्या गाण्यावर बहिष्काराची सावली नव्हती. तिथे पाप आणि पुण्य यांचा झगडा होता, इथे माणूसपणाचा होता. ज्यांनी ती कला टाकली त्यांना ‘तुम्ही परंपरा मारलीत’ असे म्हणण्याचा अधिकार मला कुणालाच दिसत नाही. आणि त्यांनी टाकलेली वस्तू ज्यांनी उचलली, त्यांनी चोरी केली असेही सरळ म्हणता येत नाही. उचलणाऱ्याला ती जड का वाटली नाही, एवढेच विचारता येते.

उचलली गेली ती मुख्यतः कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या चित्रपटांत. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आणली, आणि महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली गेली. एकीकडे फडाला संहिता तपासून घ्यावी लागत होती, आणि त्याच सुमारास, १९४७ साली, ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट गर्दी खेचत होता. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचे, गाजलेल्या लावणीचा आवाज आशा भोसले यांचा. १९७२ च्या ‘पिंजरा’त गीतकार होते कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर, पेशाने शिक्षक, आणि कथा होती तमाशाच्या नादाने धुळीला मिळणाऱ्या एका शिक्षकाची. (पांढरपेशा मनाने आपल्या भीतीचे इतके नेटके चित्र क्वचितच काढले असेल.)

आमच्या गावात लग्नाच्या मांडवात आणि यात्रेत कर्ण्यावर ही गाणी वाजत आणि मी ती तशीच, म्हणजे लावणी म्हणूनच, ऐकत वाढलो. आळीतील एक वयोवृद्ध ढोलकीवाले, ज्यांनी उमेदीची वर्षे फडात काढली होती, सुलोचना चव्हाणांचा आवाज लागला की हातातले काम थांबवत. एकदा मी त्यांना विचारले, हे खरे की फडातले खरे? ते म्हणाले, “ढोलकी खरी हाय, बाईचा गळाबी खरा हाय. पर फड कुठं हाय?” मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि ते उत्तर मला चुकवाचुकवीचे वाटले. आज वाटते की त्यांनी सीमा स्वरात शोधायचे नाकारले होते. फड म्हणजे तंबू, बैलगाडी, पुढे मोटार, दौलतजादा, समोरच्या माणसाने मध्येच केलेली फर्माईश, आणि सकाळी पुढचे गाव. ध्वनिमुद्रणात यातले काहीच नसते. तिथे गाणारीला कुणी आडनाव विचारत नाही.

सुलोचना चव्हाणांच्याविषयी इथे अनुदार बोलायचे नाही. डोक्यावर पदर घेऊन, न नाचता, केवळ शब्दफेकीवर त्यांनी लावणी उभी केली. ती त्यांची स्वतःची निर्मिती होती, जशी एल्विसची गायकी ही क्रूडपची नक्कल नव्हती. परंतु तो डोक्यावरचा पदर हेच एक विधान होते : मी गाते, पण मी त्यांच्यातली नव्हे. ‘सांगत्ये ऐका’मध्ये काम करणाऱ्या हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर, १९७० साली आलेले त्यांचे आत्मकथन वाचले की पडद्यावरच्या नावामागे किती दारे बंद असतात याची कल्पना येते. आणि याच्या अगदी उलट टोकाला फडाचा फलक : ‘भाऊ बापू मांग नारायणगावकर’. विठाबाईंच्या घराण्याचा हा फड जातीचे नाव ठळक अक्षरांत घेऊन गावोगाव फिरला. ड्यूई फिलिप्सला तिथे प्रश्न विचारावाच लागला नसता. मेम्फिसमध्ये शाळेचे नाव सांगून बाजार खुला झाला. इथे आडनाव आधीच सांगितलेले होते आणि बाजाराची हद्द त्यानेच ठरली होती.

मग असे म्हणता येईल की, सीमा धूसर आहे हे विधान दोन अगदी वेगळ्या गोष्टींविषयी केले जाते आणि त्यांची गल्लत होते. एक, प्रकारांमधील सीमा : या चालीला लावणी म्हणावे की भावगीत, या गाण्याला ब्लूज म्हणावे की रॉकबिली. ही सीमा खरोखरच धूसर आहे, आणि ती तशी राहण्यातच कलेचे चैतन्य आहे. किर्लोस्करांनी १८८० सालच्या ‘शाकुंतला’त साकी-दिंडीबरोबर लावणीच्या वळणाच्या चाली घेतल्या म्हणून नाट्यसंगीत जन्माला आले. दुसरी, वाटणीची सीमा : नाव कुणाचे लागले, पैसा कुणाला गेला, बदनामी कुणाकडे राहिली. ही मुळीच धूसर नाही. क्रूडपला त्या गाण्याचे स्वामित्वधन हयातभर झगडूनही धड मिळाले नाही. १९७४ साली तो गेला. ‘मेबलीन’चे सहलेखक म्हणून ज्या दोन माणसांची नावे लागली, त्यांनी ते लिहिलेले नव्हते, एक होता नभोवाणीवरचा प्रभावी निवेदक, ॲलन फ्रीड. म्हणजे चक बेरीने गोऱ्यांच्या गाण्यावरून स्फूर्ती घेतली तेव्हाही नुकसान चक बेरीचेच झाले. सुरांची ये-जा दोन्ही दिशांनी होती. पैशाची एकाच दिशेने होती. संधिप्रकाशात दिवस केव्हा संपला हे सांगता येत नाही, पण दिवसभर राबले कोण हे सांगता येते.

या भेदावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. वाटणीचा प्रश्न हा अर्थशास्त्राचा किंवा कायद्याचा आहे. वाङ्मयीन समीक्षेने त्यात का पडावे? रचनेचे मूल्य तिच्या घाटात आहे, तिच्या पावतीत नाही. याला माझे उत्तर असे की, आपल्या परंपरेत पावती घाटातच आहे. शाहिराची नाममुद्रा शेवटच्या कडव्यात, चालीत बसवून, गाऊनच सांगितली जाते. अभंगात जशी ती येते तशीच लावणीत. ती कागदावर लिहून कचेरीत ठेवलेली नसते. ऐकणाऱ्याच्या कानावरून गेल्याशिवाय रचना पुरीच होत नाही. होनाजी शेलारखाने रचत आणि बाळा करंजकर गात. त्या दोघांचे मिळून ‘होनाजी बाळा’ असे एकच नाव लोकांनी केले. गायकाचा वाटा इतक्या सहजतेने रचनाकाराच्या नावात सामील करून घेणारी दुसरी व्यवस्था माझ्या माहितीत नाही. कॉपीराइटच्या कायद्याला हे अजून नीट जमलेले नाही : बिग मामा थॉर्न्टनने आपल्या आवाजाने त्या गाण्यात जे घातले त्याला कायद्याच्या दृष्टीने नाव नव्हते, कारण शब्द आणि चाल दुसऱ्यांची होती.

मुद्रेचा व्यवहार अर्थात निर्मळ नव्हता. नाम्याच्या मुद्रेखाली किती नामे लपले आहेत याचा निवाडा अद्याप पुरता झालेला नाही. पठ्ठे बापूरावांच्या नावावर परंपरेने दोन लाख लावण्यांचा आकडा चढवला आहे. त्यांच्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर ठेवूनही, मुद्रेच्या ओढीने इतरांच्या काही रचना तिकडे वाहत गेल्या असाव्यात असे मला वाटते. पण इथे एक लक्षणीय फरक आहे. अनाम रचनाकार आपली रचना मोठ्या नावाला अर्पण करत होता. सहलेखक म्हणून आपले नाव घुसडणारा निवेदक दुसऱ्याच्या रचनेवर चढत होता. दोन्हींना चुकीचे कर्तृत्व म्हणता येईल, पण नैतिकदृष्ट्या ती एका मापाची नव्हेत. आणि तिसरी गोष्ट अशी की, मुद्रा होती रचणाऱ्या पुरुषाची. नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रीची मुद्रा कुठल्याच कडव्यात नसे. पवळाबाईंनी एखाद्या ओळीला अदेने जो अर्थ दिला, तो त्या खेळाबरोबर संपला.

चित्रपटाच्या लावणीत मुद्रा नाहीशी झाली. तिची जागा श्रेयनामावलीने आणि तबकडीवरच्या गोल कागदाने घेतली. खेबुडकर, माडगूळकर यांची नावे तिथे आहेत, ती असायलाच हवीत. मात्र ज्या बारीवर जाऊन, ज्या फडात बसून या मंडळींनी तो ठेका कानात साठवला, त्या कलावंतांसाठी श्रेयनामावलीत ओळच नव्हती. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी-कलावतींच्या लैंगिकतेच्या अपहरणासंबंधी जे लिहिले, त्याचा रोख चित्रपटांवर होता. तो लेख समाजशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि आमच्या समीक्षेने तो समाजशास्त्राकडेच राहू दिला, याची खंत वाटते.

पुढची गंमत, गंमत म्हणायची तर, अशी की संगीत बारीत आलेला रसिक आता चित्रपटातीलच लावणीची फर्माईश करतो. भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’ (२०१४) या पुस्तकात या जगाचे जे दर्शन घडते त्यात जुन्या बैठकीच्या चीजा जाणणाऱ्या बाया आहेत आणि समोर नवे गाणे मागणारे लोक आहेत. म्हणजे जिच्याकडून घेतले तिला आता घेतलेलेच गाऊन दाखवावे लागते. अस्सल आणि नक्कल यांचा क्रम इथे इतका उलटासुलटा होतो की अस्सलतेची भाषाच सोडून द्यावीशी वाटते. देशीवादी समीक्षेला या ठिकाणी काय म्हणता येईल, हे मला कळत नाही. दोन्ही बाजू देशीच आहेत. ब्लूजच्या चर्चेत लीरॉय जोन्सने १९६३ साली ‘ब्लूज पीपल’मध्ये संगीताला समाजाच्या इतिहासाशी घट्ट बांधले तेव्हा राल्फ एलिसनने आक्षेप घेतला होता की, एवढ्या समाजशास्त्राच्या भाराने खुद्द ब्लूजलाच ब्लूज येतील. आक्षेप मिस्कील आहे आणि खराही आहे. मी वर जे लिहिले त्यालाही तो लागू पडतो. ढोलकीवरच्या एका तोड्याने अंगावर जो काटा येतो त्याचा हिशेब आडनावांत करता येत नाही. तसा तो येतो तेव्हा मीही कुणाचे आडनाव विचारलेले नसते.

परंतु एलिसनला हे म्हणता आले कारण ब्लूजच्या गायकाचे नाव त्याला ठाऊक होते. अरुण कोलटकर हे जन्माने कोल्हापूरचे. अमेरिकन ब्लूज आणि रॉक यांचा त्यांना नाद होता, सत्तरीच्या दशकात त्यांनी इंग्रजीत गाणी रचली, आणि पखवाजही शिकले. त्यांच्या कवितेत मराठी कोठे संपते आणि दुसरी भाषा कोठे सुरू होते हे सांगणे अनेकदा कठीण जाते. त्या धूसरतेचे कौतुक मीही करतो. तिथे कुणाचे काही गेले नाही. ब्लूज ऐकणाऱ्या मराठी कवीने क्रूडपचा घास घेतला नव्हता. दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतील काळ्यांच्या संघटनेकडून नाव घेतले, तेही उधारच होते; ती उधारी घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने एकाच बाजूला उभे राहून केली होती. घेणे सारखेच दिसते. घेणारा कुठे उभा आहे यावर पुष्कळसे ठरते.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव आहे : किशोर शांताबाई काळे. लावणी नाचणाऱ्या आईचे नाव मधोमध, वडिलांच्या नावाच्या जागी. शाळेच्या दाखल्यावर जिथे नेहमी बापाचे नाव विचारले जाते तिथे त्यांनी ते लिहिले, आणि पुढे डॉक्टर झाल्यावरही तसेच ठेवले. मला हे नाव वाचताना नेहमी शेवटचे कडवे आठवते, ज्यात शाहीर आपली मुद्रा घालतो. फरक एवढाच की ही मुद्रा रचणाऱ्याची नाही. जिच्या नावाला कडव्यात जागा नव्हती, तिची आहे.